नावावरचा नंबर

"आप्पा, हे दर महिन्याला एकशे एकोणपन्नास रुपये कशाचे जातात?"

विश्वजीतनं फोनवरची नजर न काढता विचारलं. रामकिसननं चहाची बशी खाली ठेवली.

"मला काय माहीत? तूच जोडलंस की सगळं."

"'सुरक्षा कवच' असं लिहून येतंय. मोनिका, फ्रिज घेतला तेव्हा दुकानातल्या पोरानं काहीतरी गळ्यात मारलं होतं ना आपल्या?"

"विमा," मोनिका स्वयंपाकघरातून म्हणाली. "फ्रिजचा. आणि तो फ्रिज मागच्या दिवाळीत देऊन टाकला आपण."

विश्वजीतनं कपाळाला हात लावला. "म्हणजे घरात नसलेल्या फ्रिजचा विमा भरतोय."

रविवारची सकाळ होती. पुंडलिकनगरातल्या त्या घरात तिघं बऱ्याच दिवसांनी असे निवांत एकत्र बसले होते. जूनअखेर रामकिसन रिटायर झाला. वाळूजच्या एका कंपनीत, पत्रा दाबायच्या प्रेस शॉपला एकतीस वर्षं काढली. शेवटच्या दिवशी साहेबांनी शाल दिली, नारळ दिला, आणि कंपनीची बस नेहमीसारखी चौकात सोडून निघून गेली. पगार थांबला, पण खात्यातून जाणारे पैसे काही थांबले नाहीत. वरच्या मजल्याच्या कर्जाचा हप्ता होताच. विश्वजीत जालना रोडवरच्या एका गाड्यांच्या शोरूममध्ये कामाला. त्याच्या एकट्याच्या पगारावर आता सगळा भार. म्हणून आज तो आपोआप जाणारे पैसे एकेक करून बघत होता.

पूर्वी हे सगळं रामकिसनच्या हातात होतं. लाईट बिल भरायला तो सुट्टीच्या दिवशी लाइनीत उभा राहायचा, केबलवाल्याला ओट्यावर बसवून पैसे द्यायचा, वर चहा पाजायचा. मग विश्वजीत म्हणाला, कशाला उन्हात उभं राहता, सगळं खात्याला जोडून देतो. जोडलं. तेव्हापासून टाकीला केसाएवढी चीर पडावी आणि पाणी रात्रंदिवस झिरपत राहावं, तसे पैसे झिरपत होते. आवाज नव्हता, म्हणून कुणाचं लक्ष नव्हतं.

"जिम," विश्वजीत पुटपुटला.

"ते कुणाचं म्हणायचं?" मोनिका दारात येऊन उभी राहिली.

"माझंच."

"शेवटचं कधी गेला होतात?"

"बंद केलं, बस?" तो हसत म्हणाला. "सिनेमाची ही दोन पॅक आहेत, त्यातलं एक बंद. पाण्याच्या फिल्टरवाला वर्षात एकदासुद्धा आला नाही, तो बंद. हे काय आणखी... कीर्तनाचं पॅक."

रामकिसनची बायको लीलाबाई आजारी होती तेव्हा तिच्या उशाशी मोबाइल ठेवून द्यायचे, त्यावर सकाळ-संध्याकाळ कीर्तन लागायचं. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

"आईचं ते," विश्वजीत हळू आवाजात म्हणाला. "करू ना बंद?"

"कर," रामकिसन म्हणाला. "आता कोण ऐकतंय."

मग फोनचं बिल आलं. विश्वजीतनं ते उघडलं आणि बोटानं वरखाली केलं.

"आप्पा, तुमचं हे पोस्टपेड लई महाग पडतंय. फॅमिली प्लॅन आहे ना हा. तुमचा नंबर, आईचा नंबर, आणि तिसरा. आईचा आपण तेव्हाच बंद केला. तुम्हाला साधं रिचार्ज मारून देतो, निम्म्यात होईल." तो थांबला. "मग हा तिसरा बंद करू?"

तिसरा नंबर कुणाचा, हे तिघांनाही ठाऊक होतं. पण या घरात तिचं नाव कुणी घेत नव्हतं.

मोनिका म्हणाली, "अहो, राहू द्या ना तो एक. कितीसे जातात?"

"मी आप्पांना विचारतोय."

रामकिसन बशीतल्या चहाकडं बघत राहिला. चहावर साय धरली होती. नको करू बंद, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हणायला तोंड उघडलं, की पाच वर्षांपूर्वी याच खोलीत, याच पोरासमोर जे बोललो ते गिळावं लागणार होतं. आणि त्यानंतर घरात आलेल्या सुनेसमोर तर त्याहून अवघड.

"आप्पा, करू का बंद?" विश्वजीतनं पुन्हा विचारलं.

"तुला काय करायचं ते कर," रामकिसन म्हणाला. उठला आणि चपला घालून बाहेर गेला.

*

राजनंदिनी त्याची लेक, विश्वजीतहून धाकटी आणि लाडकी. डी. फार्मसीला नंबर लागला तेव्हा रामकिसननं स्वतः दुकानात जाऊन तिला सिमकार्ड आणून दिलं होतं. फॉर्म आपल्या नावावर भरला, फोटो आपला लावला. "बिलाची काळजी करू नको, पण रोज संध्याकाळी फोन करायचा," एवढीच अट. ती रोज करायची. तो कंपनीच्या बसमध्ये असायचा, इंजिनाच्या आवाजात तिचं अर्धंच ऐकू यायचं. पण फोन आला नाही असं कधी झालं नाही.

नोकरीला लागली आणि वर्षभरात तिनं घरी सांगितलं, रामशी लग्न करायचं आहे.

राम म्हणजे रामकिसनच्याच गावच्या, पिशोरच्या केरबाचा मुलगा. शिकून जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला लागलेला, निर्व्यसनी, सरळ. त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण केरबाचा बाप उन्हाळ्यात रामकिसनच्या घरच्या रानात मेंढरं बसवायचा. रात्रभर कळप वावरात बसला की खत व्हायचं, आणि त्याबदल्यात रामकिसनची आई त्यांना पायलीनं ज्वारी घालायची. लहानपणी रामकिसन स्वतः त्या मेंढरांच्या वाड्यावर जाऊन बसायचा. केरबा त्याच्या बरोबरीचा, दोघं एकाच जर्मनच्या वाटीतून मेंढीच्या दुधाचा चहा प्यायचे. ते त्याला चांगलं आठवत होतं. तरी लेकीनं नाव घेतलं तेव्हा त्याच्या तोंडून निघालं, "ज्यांनी आपल्या रानात मेंढरं बसवली, त्यांच्या घरात लेक देऊ व्हय मी?"

तिनं कोर्टात लग्न केलं. त्या रात्री रामकिसन सगळ्यांसमोर म्हणाला, "आजपासून ती आपल्याला मेली."

लीलाबाई नवऱ्याला काही बोलली नाही. दुपारी घरात कुणी नसलं की ती लेकीला फोन लावायची. हे रामकिसनला माहीत होतं, आणि त्याला माहीत आहे हे लीलाबाईलाही माहीत होतं. दोघांनी ते तसंच चालू ठेवलं. बिल मात्र कुणी वेगळं केलं नाही. पुढं लीलाबाईच्या किडन्या गेल्या. शेवटी शेवटी दवाखान्यात ती एकदा म्हणाली, "तिचा नंबर तेवढा बंद करू नका." त्यानं मान हलवली. तिनं दुसरं काही मागितलं नाही.

मयतीला राजनंदिनी आली होती. कन्नडहून रामच्या मोटारसायकलवर. फाटकाशी उभी राहिली. भावकीतली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "ही कशाला आली?" सगळ्यांनी रामकिसनकडं बघितलं. तो म्हणाला, "तोंड बघू द्या तिला. मग जाऊ द्या."

ती आत गेली, आईच्या पायावर डोकं ठेवलं आणि बाहेर आली. कुणी तिला पाणी विचारलं नाही. जाताना ती बापासमोर क्षणभर थांबली होती. तो तिरडीची सुतळी आवळणाऱ्या माणसाच्या हाताकडं बघत राहिला.

त्यानंतर उरला तो फक्त नंबर. लीलाबाई नव्हती, त्यामुळं फोन करणारं कुणी नव्हतं. पण दर महिन्याला तिन्हीसांजेला कधीतरी बिल भरल्याचा मेसेज यायचा, आणि रामकिसन तो वाचून फोन खिशात ठेवायचा. लेकीलाही दुसरा नंबर घेता आला असता. नोकरी होती, नवरा कमावता होता. पण तिनंही तो बदलला नव्हता. दोघांपैकी कुणी दार ढकललं नाही, पण कडी कुणीच लावली नव्हती.

*

पुढच्या महिन्यात विश्वजीतनं आनंदानं सांगितलं, "बघा आप्पा, सगळं मिळून दोन हजारांच्या वर वाचले. फोनचं तर निम्म्यावर आलं."

"बरं झालं," रामकिसन म्हणाला.

संध्याकाळी तो गच्चीवर गेला. शेजारच्या टाकीत टँकरचं पाणी चढत होतं, मोटार घरघरत होती. त्यानं फोन काढला. पाच वर्षांत त्यानं तो नंबर एकदाही लावला नव्हता, पण बोटांना पाठ होता. लावला. थोडा वेळ काहीच वाजलं नाही. मग एका बाईचा गोड आवाज आला. आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही. कृपया क्रमांक तपासून पाहा.

त्यानं क्रमांक तपासून पाहिला. बरोबर होता. पुन्हा लावला. बाई पुन्हा तेच म्हणाली, मग हिंदीत म्हणाली, मग इंग्रजीत. रामकिसन शेवटपर्यंत ऐकत राहिला.

ती मेली असं त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हटलं होतं. पण ते खरं मानून दुसरं कुणी असं शांतपणे सांगेल, याचा विचार त्यानं कधी केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच तो गजानन मंदिराजवळच्या मोबाइल कंपनीच्या गॅलरीसमोर जाऊन उभा राहिला. काउंटरवर दीपमाला नावाची मुलगी होती, गळ्यात नावाची पट्टी.

"नंबर बंद झालाय. चालू करायचाय," तो म्हणाला.

"कुणाच्या नावावर आहे, काका?"

"माझ्या."

तिनं आधार कार्ड घेतलं, त्याचा अंगठा मशीनवर दाबून घेतला. बोटं प्रेसवर घासून गुळगुळीत झालेली, ठसा तीनदा घ्यावा लागला. मग तिनं स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाली, "नशीब तुमचं. अजून कुणाला दिलेला नाहीये. आणखी थोडे दिवस गेले असते तर दुसऱ्याला गेला असता."

रामकिसन पुढं वाकला. "दुसऱ्याला म्हणजे?"

"म्हणजे कुणालाही. नंबर काय, रिकामा पडला की फिरत राहतो."

तिनं एक छोटं पाकीट त्याच्यासमोर ठेवलं. "हे सिम. संध्याकाळपर्यंत चालू होईल."

"हे कशाला? सिम आहे की तिच्याकडं. तिच्या फोनमध्ये आपोआप चालू नाय का होणार?"

"नाही काका. ते जुनं सिम आता मेलं. हेच नेऊन द्या त्यांना." तिनं पावती फाडली. "कुठं असतात त्या?"

"कन्नडला."

"मग काय, जवळच तर आहे," दीपमाला म्हणाली आणि पुढच्या माणसाकडं वळली.

*

जवळच होतं. पिशोरला शेताकडं जाताना दर वेळी बस कन्नडवरूनच जायची. कन्नडचं स्टँड आलं की रामकिसन मान खाली घालून पिशवीत काहीतरी शोधत बसायचा, गाडी सुटेपर्यंत.

सिम द्यायचं कसं, हे त्याला कळेना. पत्ता ठाऊक नव्हता. विश्वजीतला विचारायची हिंमत नव्हती. तोवर कुठं ठेवायचं म्हणून त्यानं ते आपल्याच फोनच्या दुसऱ्या खाचेत घातलं.

आणि लेकीचे फोन बापाला येऊ लागले.

पहिला एका बाईचा. "राजी, अगं कुठं होतीस? नंबरच लागत नव्हता तुझा. मी रूपा."

"ती नाय इथं," रामकिसन म्हणाला.

"बरं. कधी येईल?"

त्यानं फोन ठेवून दिला. मग मेसेज. बँकेचे, गॅसचे, कुठल्याशा दुकानात नवीन साड्या आल्याचे. तो एकही उघडत नव्हता. दुसऱ्याच्या घरात चुकून शिरल्यासारखं वाटायचं.

एका दुपारी तो ओसरीवर शेंगा फोडत बसला होता. फोन वाजला.

"ज्ञानेश्वरीची आई बोलतेय का?"

"कोण ज्ञानेश्वरी?"

"कन्नडहून, लहान मुलांच्या दवाखान्यातून बोलतेय. ज्ञानेश्वरी राम. आईचं नाव राजनंदिनी. हा नंबर दिलेला आहे. बाळाचा पंधरा महिन्यांचा डोस राहिलाय, मेसेज पाठवला तर गेला नाही."

रामकिसनच्या हातातली शेंग तशीच राहिली. पंधरा महिने. त्यानं उगाच अंगणाकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं. भाजीवाल्याचा गाडा चालला होता.

"हॅलो? ऐकू येतंय का?"

"येतंय, येतंय," तो म्हणाला. "तिचा नंबर बदललाय बहुतेक. बाळाच्या वडलांचा असंल ना तुमच्याकडं?"

"थांबा हं... आहे. त्यावर कळवते. शनिवारी सकाळी डॉक्टर आहेत." मग ती म्हणाली, "आपण कोण बोलताय?"

"मी..." रामकिसन अडखळला. "हा नंबर माझ्या नावावर आहे."

बाईला त्यातून काय कळलं कुणास ठाऊक. ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला.

मोनिका ओसरीवर आली तेव्हा शेंगांच्या टरफलांत तो नुसताच बसून होता. "आप्पा, काय झालं?"

"शनिवारी पिशोरला जाऊन येतो," तो म्हणाला. "शेताकडं."

*

शनिवारी पहाटेच्या गाडीत त्याला खिडकीजवळ जागा मिळाली. दौलताबादचा किल्ला मागं गेला, घाट चढला, वेरूळ गेलं. कन्नडला तो उतरला. उतरल्यावर क्षणभर त्याला आपण चुकीच्या गावात उतरलो असं वाटलं. इतकी वर्षं या स्टँडवर गाडी थांबताना ऐकली होती, पाय मात्र टेकवला नव्हता.

स्टँडवर विचारत विचारत तो लहान मुलांच्या दवाखान्यापर्यंत आला; तो एका मेडिकल दुकानाच्या वर होता. भिंतीवर हत्ती, ससे रंगवलेले. बाकावर लेकुरवाळ्या बाया बसल्या होत्या. तो कोपऱ्यात बसला. कुणाबरोबर आलात असं कुणी विचारलं नाही, तेवढं बरं झालं.

बऱ्याच वेळानं जिन्यावर पावलं वाजली. आधी राम वर आला, हातात बाळाची पिशवी. त्याच्यामागं राजनंदिनी, कडेवर पोर. राम समोर बघून थबकला. मग पुढं होऊन वाकला आणि रामकिसनच्या पाया पडला. वर आलेला तो चेहरा हुबेहूब केरबाचा होता, तेच रुंद कपाळ, तीच डोळ्यांच्या कडेची घडी.

"केरबा बरा हाय ना?" रामकिसनच्या तोंडून निघून गेलं.

"बाबा मागच्या पोळ्याला गेले," राम म्हणाला.

"मला कळलं नाय. गावात माझ्यापुढं तुमचं नाव कुणी काढत नाय."

"कळवणार कसं, आप्पा." त्यात राग नव्हता. त्यानं पिशवी बाकावर ठेवली. "तुम्ही बोला. मी खाली गाडीपाशी थांबतो."

राजनंदिनी त्याच बाकावर बसली, पण मध्ये एका माणसाची जागा सोडून. थोडी रोडावली होती. डोळ्यांखाली काळं झालं होतं, लहान लेकराच्या आईचं असतं तसं. पोर मात्र गुबगुबीत. ती रामकिसनकडं टक लावून बघू लागली. नवीन माणसाला बघून रडली नाही.

"दवाखान्यातून फोन आला तेव्हाच मी ओळखलं," राजनंदिनी म्हणाली. "ती बाई म्हणाली, एका म्हाताऱ्या माणसानं उचलला."

रामकिसननं खिशातून कागदाची पुडी काढली. रात्रीच त्यानं सिम फोनमधून काढून बांधून ठेवलं होतं. "हे घे. परत चालू करून आणलाय. तुझाच नंबर आहे."

तिनं पुडीकडं बघितलं. हात पुढं केला नाही.

"ज्या दिवशी बंद झाला ना, आप्पा, त्या दिवशी मला वाटलं, तुम्हालाच काही झालं." ती पोरीच्या झबल्याची गाठ सोडत, बांधत बोलत होती. "तुमच्या नावावर होता. बिल भरणारा माणूसच गेला की काय, असं आलं मनात. यांच्या फोनवरून दादाला लावला. दादा म्हणाला, आप्पा बरे आहेत. घरातले खर्च कमी करतोय, म्हणून बंद केला."

रामकिसननं पुडीच्या कागदाला पुन्हा घडी घातली.

"मी म्हटलं, आप्पांना न विचारता केलास का? तर म्हणाला, दोनदा विचारलं."

बाजूच्या बाईच्या मांडीवरचं मूल खोकत होतं. आत कुणीतरी नाव पुकारलं, ते दुसऱ्याचं होतं.

"विचारलं होतं का?"

"व्हय," रामकिसन म्हणाला.

तिनं मान हलवली. जणू तेवढंच तिला पक्कं करून घ्यायचं होतं. "त्याच्यापेक्षा रागानं बंद केला असता तर बरं वाटलं असतं," ती म्हणाली. मग पोरीला दुसऱ्या मांडीवर घेतलं. "हे सिम राहू द्या आता. मी नवीन घेतलं. एकेक करत सगळीकडं नवीन नंबर दिलाय, इथंच तेवढा द्यायचा राहिला होता. तुम्ही करून टाका बंद. उगाच पैसे जातील."

नात पहिल्यांदा बघायची तर रिकाम्या हातानं बघू नये, हे रामकिसनला आता आठवलं. त्यानं घाईघाईनं पाकिटातून पाचशेची नोट काढून पोरीच्या मुठीत दिली. पोरीनं ती घट्ट धरली आणि तोंडाकडं नेली. राजनंदिनीनं हळूच सोडवून घेतली आणि बाकावर त्याच्या बाजूला ठेवली.

"नको, आप्पा. तुमच्याकडं खर्च कमी करायचं चाललंय."

तिनं हे टोचून म्हटलं की साधेपणानं, हे त्याला कळलं नाही. पण ते बोलताना तिचा ओठ थरथरला, लहानपणी रडू आवरताना थरथरायचा तसा.

"ज्ञानेश्वरी," आतून नर्सनं हाक मारली.

राजनंदिनी उठली. आत जाता जाता मागं वळली. "आत या, यायचं असेल तर." त्यानं नोट आणि पुडी खिशात टाकली आणि तिच्या मागोमाग गेला.

टेबलावर पोरीला निजवलं. तिनं पाय झाडले. नर्सनं मांडीवर सुई टोचली, पोर क्षणभर श्वास रोखून गप्प राहिली आणि मग टाहो फोडून रडली.

"झालं, झालं," नर्स म्हणाली. तिनं टोचलेल्या जागी कापसाचा बोळा ठेवला आणि बाहेर काउंटरकडं बोट दाखवलं. "आई, तुम्ही तो नंबर बदलून घ्या आधी, गर्दी होते मग. आजोबा, तुम्ही हे दाबून धरा. चोळू नका हं, नुसतं धरा."

आजोबा म्हटल्यावर राजनंदिनी थबकली. बापाकडं बघितलं. मग पोरीला त्याच्या हातात दिलं आणि बाहेर गेली.

रामकिसननं अंगठ्यानं कापूस धरून ठेवला. लोखंडाचा पत्रा धरायची सवय असलेला अंगठा, त्याखाली ती मऊ मांडी. किती जोरानं दाबावं हे त्याला समजेना. पोर रडतच होती, तिची लाळ त्याच्या सदऱ्यावर पडत होती. तो तिला हळूहळू झुलवू लागला. "नाय बाळा, नाय. झालं आता. गेलं ते."

काउंटरवरून राजनंदिनीचा आवाज येत होता. ती नवीन नंबर सांगत होती, दोन-दोन आकडे सुटे करून. अठ्ठ्याण्णव... बावीस... रामकिसननं कान दिले. मग पोरीनं पुन्हा टाहो फोडला आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. तिला गप्प करावं की आकडे ऐकावेत, असं त्याला झालं. त्यानं पोरीला छातीशी घेतलं आणि थोपटत राहिला. बाहेर काउंटरवरची बाई म्हणाली, "झालं, ताई. आता यावरच येईल."

राजनंदिनी आत आली, पोरीला घेतलं. आईच्या खांद्यावर जाताच पोर हुंदके देत शांत झाली.

"येते, आप्पा," ती म्हणाली. "जेवण करून जा कुठंतरी. उपाशी जाऊ नका."

"व्हय."

तिला नंबर विचारायचा, तर आत्ताच विचारायला हवा होता. तिनंही क्षणभर वाट बघितल्यासारखं केलं. पण जो नंबर त्याच्या नावावर होता, तो त्यानं राखला नव्हता. आता नवा कोणत्या तोंडानं मागायचा? तो म्हणाला, "तिला ताप आला तर ओल्या फडक्यानं पुस. घाबरू नको."

"हो," राजनंदिनी म्हणाली आणि जिना उतरून गेली. खाली रामनं गाडी सुरू केल्याचा आवाज आला, दूर गेला.

नर्स पुढच्या मुलाची सुई भरत होती. तिचं लक्ष गेलं. रामकिसन अजून टेबलाशेजारीच उभा होता. त्याच्या अंगठ्याखाली कापसाचा बोळा तसाच होता, त्यावर बाजरीच्या दाण्याएवढा लाल ठिपका.

"आजोबा, तो टाका इथं डब्यात," तिनं पायानं डब्याचं झाकण उघडून धरलं.

रामकिसननं डब्याकडं बघितलं. मग मूठ मिटली.

"असू द्या," तो म्हणाला आणि बाजूला सरून त्या पुढच्या मुलाला जागा करून दिली.